बुद्धिबळाची पहिली पुस्तकं: सोलापुरातले पालक आणि मुलं वारंवार विचारतात ते प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून चालत पाच मिनिटांवर, एका घराच्या पुढच्या खोलीत मी संध्याकाळी सहा ते साडेसात मुलांना बुद्धिबळ शिकवतो. शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग चालू असतात. पोरांना त्या खटखटीची इतकी सवय झालीय की लाइट जाऊन माग थांबले, की तेवढ्यापुरती ती पटावरून मान वर करतात. पालक सोडायला येतात, दारात चप्पल काढता काढता एखादा प्रश्न विचारतात आणि तो बहुतेक वेळा पुस्तकाचाच असतो. कोणतं घेऊ, इंग्रजीच आहे का, किती दिवसांत संपेल. दारात उभ्या उभ्या पुरतं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

"सर, पोरगं मोबाईलवर खेळतंय की. मग पुस्तक कशाला ओ?"

मोबाईलवर खेळू द्या. लिचेस हे बुद्धिबळाचं ॲप फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि सोलापुरात बसून जगाच्या दुसऱ्या टोकाच्या मुलाशी डाव टाकता येतो. ही सोय आमच्या लहानपणी असती तर आम्ही हरखून गेलो असतो. माझी अडचण आहे ती मोबाईलवरच्या कोड्यांची. कोडं आलं की मूल एक चाल करून बघतं. चुकली की लगेच दुसरी करतं. बरोबर आली की पुढचं कोडं. विचार करायच्या आधीच बोट चालतं.

सातवीतला एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याची मोबाईलवर हजारभर कोडी सोडवून झाली होती. मी त्याला कागदावर छापलेली 'दोन चालींत मात'ची सहा कोडी दिली. म्हटलं, पट मांड, उत्तर वहीत लिही, समोरच्याची चालसुद्धा लिही, मगच पान उलट. पाऊण तासात दोन बरोबर आली. पोरगं हुशार होतं, पण समोरचा काय उत्तर देईल हे स्वतःच्या मनाशी ठरवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. पुस्तकाच्या पानावर काही हलत नाही, सगळं डोक्यात हलवावं लागतं, आणि स्पर्धेच्या डावात नेमकं हेच करायचं असतं. दोन महिन्यांनी त्याच मुलाने सहापैकी पाच सोडवली.

अगदी पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं?

मुलाला सोंगट्या कशा चालतात एवढं येत असेल आणि पुढे काहीच येत नसेल, तर 'बॉबी फिशर टीचेस चेस'. १९६६ सालचं आहे, तरी आजही पहिल्या पुस्तकाला मी त्याच्यापुढे दुसरं ठेवत नाही. पुढे जगज्जेता झालेल्या अमेरिकेच्या फिशरने ते दोन सहलेखकांबरोबर केलंय आणि त्याची बांधणीच वेगळी आहे. एका पानावर पट आणि प्रश्न: इथे मात होते का? पान उलटलं की उत्तर आणि ते का बरोबर, याचं दोन ओळींत कारण. फक्त उजवीकडची पानं वाचत शेवटपर्यंत जायचं, मग पुस्तक उलटं धरून उरलेली पानं वाचत मागे यायचं. मुलांना हे उलटं धरणं फार आवडतं. चालींची लिपी येत नसली तरी चालतं, कारण चाली बहुतेक बाणांनीच दाखवल्यात.

शिकवतं काय? जवळजवळ सगळं पुस्तक मात कशी करायची याचं आहे, आणि त्यातही शेवटच्या ओळीवर मात कशी करायची याचं. उदाहरण मांडून बघा. काळा राजा जी-८ वर, त्याच्यापुढे एफ-७, जी-७, एच-७ वर स्वतःचीच तीन प्यादी. पांढरा राजा जी-१ वर, पांढरा हत्ती ई-१ वर. बाकी पट रिकामा, चाल पांढऱ्याची. हत्ती सरळ ई-८ वर जातो आणि खेळ संपतो. राजाला पुढे जाता येत नाही, कारण वाट त्याच्याच माणसांनी अडवलीय. आता एच-७ वरचं प्यादं एक घर पुढे, एच-६ वर ठेवा. तोच हत्ती, तीच चाल, पण राजा एच-७ वर निसटतो. हा एका प्याद्याचा फरक मुलाच्या बोटांना कळला पाहिजे. म्हणून पुस्तकात चित्र असलं तरी मी पट मांडायलाच लावतो. पुस्तक पुढे हीच मांडणी अवघड करत नेतं. आधी काळ्याचा एक हत्ती राखणीला येतो, मग तो राखणदार दूर कसा करायचा, मग वजिराचा बळी देऊन तो कसा करायचा.

या पुस्तकात डावाची सुरुवात, डावपेच, शेवटचा खेळ हे नाहीच म्हटलं तरी चालेल. काही पालक त्यावरून नाराज होतात. होऊ नका. मात दिसायला लागली की पुढचं सगळं शिकायला मुलाला कारण मिळतं.

पुस्तक इंग्रजीत आहे. आमची मुलगी मराठी माध्यमात, आणि घरात तर तेलुगू. कसं जमणार?

जमतं. हे मी ठासून सांगतो, कारण या एका भीतीने कितीतरी हुशार पोरं पुस्तकापर्यंत पोचतच नाहीत.

बुद्धिबळाच्या पुस्तकातला अर्ध्याहून अधिक मजकूर चालींच्या लिपीत असतो आणि ती लिपी दोन संध्याकाळींत येते. पटाच्या उभ्या रांगांना ए ते एच अशी अक्षरं, आडव्या रांगांना १ ते ८ आकडे. राजाला 'के', वजिराला 'क्यू', हत्तीला 'आर', उंटाला 'बी'. घोड्याला मात्र 'एन', कारण 'नाईट' या शब्दाचं पहिलं अक्षर राजाने आधीच घेतलंय. प्याद्याला अक्षरच नाही, नुसतं घराचं नाव. गुणाकाराचं चिन्ह म्हणजे मारलं. अधिकचं चिन्ह म्हणजे शह. मध्ये आडवी रेघ देऊन दोन शून्यं म्हणजे राजाच्या बाजूचा किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं), तीन शून्यं म्हणजे वजिराच्या बाजूचा. उद्गारचिन्ह म्हणजे झकास चाल, प्रश्नचिन्ह म्हणजे चूक. मुलं मग स्वतःच्या डावांनाही अशी चिन्हं देऊ लागतात, आणि त्यात ती स्वतःशी अगदी प्रामाणिक असतात.

राहिले शब्द. सुरुवातीच्या पुस्तकाला चाळीसेक पुरतात. आम्ही एका कागदावर लिहून तो प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय: 'व्हाइट टू मूव्ह' म्हणजे चाल पांढऱ्याची, 'मेट इन टू' म्हणजे दोन चालींत मात, 'थ्रेट' म्हणजे समोरच्याचा पुढचा बेत, 'पिन' म्हणजे सोंगटी बांधली गेली, 'फोर्क' म्हणजे एकाच वेळी दोघांवर मार. शब्द अडला की कव्हर उघडायचं. महिन्याभराने उघडावं लागत नाही.

चौथीतली एक मुलगी माझ्याकडे यायची. आई घरी विड्या वळते, मराठी थोडं येतं, इंग्रजी अजिबात नाही. मुलगी घरी पुस्तक उघडून पट मांडायची आणि आईला तेलुगूत सांगायची, हा 'गुर्रम' इथून उडी मारतो, हा 'बंटु' मरतो. गुर्रम म्हणजे घोडा, बंटु म्हणजे प्यादं. आई हातातलं काम चालू ठेवून विचारायची, मग तो राजा इकडे का पळत नाही? या एका प्रश्नाने त्या पोरीचा जेवढा अभ्यास झाला, तेवढा माझ्या तासाभरात झाला नसता. कन्नड घरातली मुलं घोड्याला 'कुदुरे' म्हणत शिकतात, उर्दूवाली आपल्या शब्दांनी. लिपी एकच, समजावणं ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेत. आपल्या सोलापुरात चार भाषा एकाच गल्लीत नांदतात, त्याचा इथे उपयोगच होतो.

मराठीत चांगली पुस्तकं नाहीत का?

आहेत, पण माझ्या हाती आलेली बहुतेक नियमांची ओळख करून देऊन थांबतात. त्या कामाला ती जरूर घ्या. आजी-आजोबांना नातवाबरोबर बसायचं असेल तर मराठी पुस्तकासारखी सोय नाही. विकत घेण्याआधी दुकानातच तीन गोष्टी बघा. चित्रात प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं आहे ना? पांढरा वजीर पांढऱ्या घरात आणि काळा काळ्या घरात उभा आहे ना? दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने वाटेत मारण्याचा नियम, ज्याला 'आँ पासाँ' म्हणतात, तो दिलाय ना? तिन्हींना 'हो' आलं तर घ्या. पहिल्यालाच 'नाही' आलं, तर पुस्तक खाली ठेवा.

आजोबा सांगतात ते नियम पुस्तकात सापडत नाहीत. कोण बरोबर?

दोघंही. आजोबा देशी बुद्धिबळ खेळतात. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, आणि राजाला शह बसला नसेल तर एकदा घोड्याची चाल करता येते. किल्लेकोट त्याच कामासाठी नंतर आलेला प्रकार समजा. आजोबांना चूक म्हणू नका. मीर सुलतान खान पंजाबातला, देशी नियमांत वाढलेला खेळाडू. इंग्लंडला गेला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकला. १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. आजोबांबरोबर त्यांच्या नियमांनी खेळा, स्पर्धेत स्पर्धेच्या नियमांनी. मुलं दोन्ही सहज सांभाळतात.

जुन्या पुस्तकात 'पी-के४' असं काहीतरी लिहिलंय. छपाईची चूक आहे का?

चूक नाही, जुनी लिपी आहे. त्यात घरांना सोंगट्यांवरून नावं असायची. 'पी-के४' म्हणजे प्यादं राजाच्या रांगेतल्या चौथ्या घरात. गंमत अशी की प्रत्येकजण आपल्या बाजूने मोजायचा. त्यामुळे पांढऱ्याचं 'के४' म्हणजे आजचं ई-४, आणि काळ्याचं 'के४' म्हणजे ई-५. जागतिक संघटना फिडेने १९८१ पासून ही लिपी मान्य करणं थांबवलं. नवशिक्या मुलाच्या हाती असं पुस्तक देऊ नका, दोन लिप्यांत त्याचा गोंधळ उडेल. मोठ्यांनी मात्र शिकून घ्यावी, कारण कापाब्लांकाचं १९२१ सालचं 'चेस फंडामेंटल्स' मूळ याच लिपीत आहे आणि ते इंटरनेटवर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचता येतं. नव्या लिपीतल्या आवृत्त्याही निघाल्यात. त्याच वर्षी हा माणूस जगज्जेता झाला, आणि त्याने पुस्तकाची सुरुवात कशाने केली? एक राजा आणि एक हत्ती घेऊन एकट्या राजावर मात कशी करायची, इथून.

ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचं, पुस्तक केव्हा घ्यावं?

इतक्यात नको. या प्रश्नावर मी जरा कडक होतो, त्याला कारण आहे. मी कॉलेजात असताना एका दुकानदाराने मला एकाच ओपनिंगवरचं जाडजूड पुस्तक गळ्यात मारलं. तीन महिन्यांच्या शिकवणीचे पैसे त्यात गेले. पंधरा-पंधरा चाली पाठ केल्या. पहिल्याच स्पर्धेत समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चौथ्या चालीला पुस्तकात नसलेली चाल केली आणि मी कोऱ्या पाटीसारखा बसून राहिलो. ते पुस्तक चांगलंच असेल. पण ते ज्याच्यासाठी लिहिलं होतं तो खेळाडू मी तेव्हा नव्हतो, आणि हे मला विकणाऱ्याने सांगायला हवं होतं.

नवशिक्याला सुरुवातीपुरतं एवढं बास होतं: मधली घरं धरा, घोडे आणि उंट बाहेर काढा, लवकर किल्लेकोट करा, वजीर घेऊन एकटे हिंडू नका. हे चालीचालीला का करायचं, ते समजून घ्यायला आयर्विंग चेर्नेव्हचं 'लॉजिकल चेस: मूव्ह बाय मूव्ह' घ्या. १९५७ सालचं आहे. ३३ डाव आहेत आणि प्रत्येक डावातल्या एकूणएक चालीला शब्दांत कारण दिलंय. पहिल्या ई-४ चं कारण तो दर वेळी नव्याने सांगतो. मोठ्या माणसाला त्याचा कंटाळा येईल, पण मुलांना तीच गोष्ट पाचव्यांदा ऐकताना पटते. राजापुढची प्यादी हलवू नका, हे तो जरा अतीच ताणतो. मुलाचं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, बाराशे-चौदाशेच्या पुढे गेल्यावर त्याला याचे अपवाद सांगा, आधी नियमच मुरू द्या. घ्यायची ती नव्या लिपीतली आवृत्ती.

या पुस्तकातला डाव कसा वाचायचा, तेही सांगतो. काळ्या-पांढऱ्याची चाल पटावर करायची. मग पुढची चाल पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्याने झाकायची आणि मुलाला विचारायचं, तू काय खेळशील? त्याने सांगितलं की पुठ्ठा खाली सरकवायचा. एक डाव असा वाचायला सव्वा तास लागतो. आठवड्याला दोन डाव पुरेत.

शाळेतली मुलं चार चालींत मात करतात. त्यावर पुस्तकात काय आहे?

ती मात अशी होते. पांढरा ई-४, काळा ई-५. पांढरा उंट सी-४, काळा घोडा सी-६. पांढरा वजीर एच-५. आता काळ्याने नकळत दुसरा घोडा एफ-६ वर काढला की वजीर एफ-७ चं प्यादं मारून मात करतो. उपाय: घोड्याच्या आधी जी-६ करून वजिराला हाकला. तो एफ-३ वर जाऊन पुन्हा एफ-७ वर डोळा ठेवेल. आता घोडा एफ-६ वर आणा आणि वाट बंद करा. काळ्याच्या सोंगट्या बाहेर आल्या आणि पांढऱ्याचा वजीर नुसता हिंडत राहिला. ही एवढी मांडणी मुलाकडून चार वेळा करून घ्या, तेवढ्याने भागतं. आणि मुलाला ही मात करायला शिकवू नका. चार डाव जिंकेल आणि वर्षभर उंट-घोडे बाहेर काढायचे विसरेल.

कोडी किती आणि कुठून सोडवावीत?

लास्लो पोल्गार यांचं ५३३४ कोडी आणि डावांचं जाड पुस्तक आहे, हजारावर पानांचं. हे सुसान, सोफिया आणि ज्युडिट या तिघी खेळाडू बहिणींचे वडील. ज्युडिट १९९१ मध्ये, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. पुस्तकात एका चालीत मात अशी ३०६ कोडी आहेत, दोन चालींत मात अशी ३४१२, तीन चालींत मात अशी ७४४. किंमत बघून घाबरायला होतं, पण हे पुस्तक घरात असलं की पाच-सहा वर्षं दुसरं कोड्यांचं पुस्तक लागत नाही. आमच्या वर्गात चार घरांनी मिळून एक घेतलं आणि ते आठवड्याआड फिरतं.

रोज सहा. जास्त नको. मांडणी पटावर लावायची, सोंगटीला हात न लावता बघायचं, वहीत दोघांच्याही चाली लिहायच्या आणि मगच हलवून तपासायचं. वीस मिनिटांत नाही सुटलं तर शेजारी टिंब करून पुढे जायचं. उत्तरं शेवटच्या पानांत असतात. ती पानं मोठ्यांनी क्लिप लावून बंद ठेवावीत.

शेवटचा खेळ कंटाळवाणा आहे असं सगळे म्हणतात. तो आताच शिकवायचा का?

आताच. शेवटी पटावर चार-पाच सोंगट्या उरतात, त्यामुळे उलट लहान मुलाला तोच सगळ्यात स्पष्ट दिसतो. ही मांडणी करा: पांढरं प्यादं ई-५, पांढरा राजा त्याच्यापुढे ई-६, काळा राजा ई-८. पाळी कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. पाळी पांढऱ्याची असेल तर राजा डी-६ वर येतो. काळा डी-८ वर येऊन समोर उभा राहतो. प्यादं ई-६, काळा परत ई-८, प्यादं ई-७. आता काळ्याला एफ-७ वर जाण्यावाचून इलाज नाही, पांढरा राजा डी-७ वर, आणि प्याद्याचा वजीर होतो.

आता प्यादं ई-७ वर, पांढरा राजा त्याच्या मागे ई-६ वर, काळा राजा ई-८ वर, आणि चाल काळ्याची. काळ्याला शह नाही आणि जायला एकही घर नाही. स्टेलमेट, डाव बरोबरीत. त्याच तीन सोंगट्या, त्याच दोन-चार घरांतली हालचाल. मुलाने घाई करून प्यादं राजाच्या पुढे पळवलं की हीच दशा होते. जिल्ह्याच्या स्पर्धांत दरवर्षी एखादं तरी पोरगं जिंकलेला डाव असा घालवून डोळ्यांत पाणी आणतं. ज्याने ही मांडणी घरी वीस वेळा केलीय त्याच्यावर ती वेळ येत नाही.

पुस्तक म्हणाल तर जेरेमी सिल्मनचं 'कम्प्लीट एंडगेम कोर्स', २००७ सालचं. त्याची सोय अशी की ते रेटिंगप्रमाणे भाग पाडून लिहिलंय. नवशिक्याने पहिला भाग वाचायचा आणि पुस्तक चक्क बंद करून ठेवायचं. लेखक स्वतःच तसं सांगतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा: मार्च २०२४ पासून फिडेच्या यादीत १४०० खाली रेटिंगच नसतं, आणि पुस्तक त्याआधीचं आहे. म्हणून आपल्या मुलाला आज १४५० मिळालं म्हणून पुस्तकातल्या १४०० च्या भागावर उडी मारू नका. पहिल्या भागापासूनच सुरू करा.

माझं वय ४६. आता पुस्तक घेऊन शिकता येईल का?

हो. सुरुवात चेर्नेव्हपासून करा. लहान मुलांच्या पुस्तकांची लाज वाटून घेऊ नका, कोडी तीच सोडवा. एक गृहस्थ मागावर रात्रपाळी करतात. सकाळी घरी आल्यावर झोपण्याआधी एक डाव पुठ्ठा झाकून वाचतात. दोन वर्षांत त्यांचे ३३ डाव दोनदा झालेत. मुलाशी खेळताना आता ते तीनात एक जिंकतात, आणि मुलगा त्यावर खूश आहे.

कुणीतरी 'माय सिस्टिम' भेट दिलंय. वाचू द्यावं का?

निमझोविचचं १९२५ सालचं मोठं पुस्तक. कपाटात जपून ठेवा. तीन-चार वर्षांनी मूल स्वतः मागेल. विश्वनाथन आनंदचं 'माइंड मास्टर' ही आत्मकथा आहे, आठवी-नववीपासून खुशाल द्या, पण त्यातून चाली शिकायला मिळणार नाहीत.

पट कसला घ्यावा?

गुंडाळता येणारा, रेक्झिनचा. घराची बाजू ५ ते ६ सेंटिमीटर, राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच, म्हणजे स्पर्धेतल्यासारखा. चुंबकाचा छोटा पट प्रवासापुरता ठीक. एप्रिल-मे मध्ये दुपारी आपल्याकडे फरशीवर बसण्याशिवाय गत नसते, तेव्हा तर गुंडाळीचा पटच बरा.

सोलापुरात ही पुस्तकं मिळतात का?

नव्या पेठेतल्या दुकानांत शाळा-कॉलेजची पुस्तकं मुख्य, बुद्धिबळाची मागवावी लागतात. आधी हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ठिकाणी क्रीडा विभागात विचारून बघा. जुनी पुस्तकं अशाच ठिकाणी धूळ खात असतात. पुण्याला कामाला जाणार असाल तर अप्पा बळवंत चौकात एक फेरी मारा. ऑनलाइन मागवताना फार स्वस्त दिसलं तर सावध राहा. मी एकदा तसं घेतलं. प्रत झेरॉक्सवर काढलेली निघाली, काळी घरं आणि काळ्या सोंगट्या एकमेकांत मिसळलेल्या. उंट कुठे आणि प्यादं कुठे ते भिंगातूनही कळेना. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. बुद्धिबळाच्या पुस्तकात चित्र अस्पष्ट म्हणजे पुस्तकच नाही.

पुस्तकं वाचून कुणी ग्रँडमास्टर होतं का?

नुसत्या पुस्तकांवर नाही. मुंबईचे प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाले, पुण्याचे अभिजित कुंटे २०००मध्ये, नाशिकचा विदित गुजराथी २०१३मध्ये, नागपूरची दिव्या देशमुख २०२५मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून. त्यामागे प्रशिक्षक, स्पर्धा, प्रवास, घरच्यांचे कष्ट हे सगळं आहे. आपल्या मुलाला रोज शिकवायला ग्रँडमास्टर मिळणार नाही. पण कापाब्लांकाने एक हत्ती घेऊन मात कशी करायची ते जसं सांगितलं, तसंच्या तसं ते पूर्व भागातल्या खोलीतल्या मुलापर्यंत पुस्तकातून पोचतं. माझ्या गुरूंनी मला पहिलं पुस्तक वाचायला दिलं तेव्हा त्यांना बोलायला फार वेळ नसायचा. उरलेलं पुस्तकाने शिकवलं.

पुस्तक संपलं. आता पुढचं कोणतं?

तेच. कोड्यांचं पुस्तक असेल तर टिंब केलेली कोडी आधी, मग सगळं पहिल्यापासून, नव्या वहीत. दुसऱ्या फेरीला अर्धा वेळ लागतो, तिसरीला त्याच्याही अर्धा. वर सांगितलेली ती तेलुगू घरातली मुलगी आता सातवीत आहे. तिच्या फिशरच्या पुस्तकाचा कणा दोनदा चिकटपट्टीने जोडलाय आणि चाळीस शब्दांचा कागद कधीच गळून पडलाय. आतल्या पानावर तिने तीन फेऱ्यांच्या तीन तारखा लिहिल्यात. शेवटची गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीतली आहे. मागच्या सोमवारी तिने ते पुस्तक दुसरीतल्या एका नव्या पोराला दिलं आणि त्याच्यासमोर बसून, उजव्या हाताला पांढरं घर येईल असा पट फिरवून ठेवला.